कोर्टाची मुदत : चुकवू नका, चुकलीच तर दडवू नका



पेरणीला हंगाम असतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पाऊस लांबला आणि जुलैचा पहिला पंधरवडा उलटला, की आपण मूग-उडदाचा विचार सोडतो आणि तूर, बाजरी किंवा सूर्यफुलाकडे वळतो. थोडा उशीर झाला तर काहीतरी सोय निघते. फारच उशीर झाला तर चांगले बियाणे, कसदार रान आणि घरची बैलजोडी असूनही हात बांधून बसावे लागते.

कोर्टकचेरीतील कामाचेही नेमके असेच आहे. तिथेही प्रत्येक कामाला हंगाम ठरलेला आहे. त्याला मुदत म्हणतात. मुदतीत गेलात तर तुमचे म्हणणे ऐकले जाते. थोडे मागे पडलात तर काही प्रकरणांत उशीर माफ होतो. काही प्रकरणांत मात्र एक दिवस चुकला तरी दार बंद होते, आणि हक्क खरा असूनही हाती काही लागत नाही.

मी शेतीखात्याचा माणूस आहे, वकील नव्हे. पण गावोगाव पीक प्रात्यक्षिके आणि मेळावे घेत हिंडताना एक गोष्ट नेहमी दिसते. सभा संपते, चहा होतो, लोक पांगतात आणि एखादा शेतकरी मागे थांबतो. खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणलेला कागद पुढे करतो आणि म्हणतो, "साहेब, हे जरा वाचून सांगा." कागद असतो प्रांताच्या हुकुमाचा, भूसंपादनाच्या नोटिशीचा नाही तर दिवाणी कोर्टाच्या समन्साचा. वरची तारीख पाहावी, तर तीन-चार महिन्यांपूर्वीची. कागद कणगीमागे नाही तर ट्रंकेत पडून राहिलेला असतो. म्हणूनच आज पिकांचा विषय बाजूला ठेवून या विषयावर लिहीत आहे.

मुदत ठेवली आहे कशासाठी?

काही जणांना वाटते, की हक्क आपला असेल तर तो केव्हाही मागता आला पाहिजे, त्यात मुदत कशाला? पण दुसरी बाजूही पाहा. तुमच्या वडिलांनी तीस वर्षांपूर्वी रोख पैसे मोजून जमीन घेतली. साक्षीदार वारले, कागद वाळवीने खाल्ले. आता एखाद्याने उठून तो व्यवहारच खोटा होता असे म्हटले, तर तुम्ही पुरावा कोठून आणणार? माणसाला कधीतरी निर्धास्त झोप लागली पाहिजे, म्हणून कायद्याने मुदत घातली.

आपल्या देशात यासाठी १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. तो १ जानेवारी १९६४ पासून लागू झाला. त्यातील कलम ३ फार कडक आहे. समोरच्या पक्षाने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी दावा मुदतबाह्य असेल तर न्यायालयाने तो स्वतः होऊन फेटाळला पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे "तो काही बोलला नाही, चालून जाईल" या भरवशावर राहू नये.

नेहमी लागणाऱ्या काही मुदती

शेतकऱ्याच्या घरात वारंवार उपयोगी पडतील अशा मुदती येथे देत आहे. कात्रण काढून ठेवा.

• उसनवार दिलेल्या पैशाच्या वसुलीचा दावा : ३ वर्षे.

• साठेखत करून समोरचा खरेदीखत करून देत नसेल तर दावा : ३ वर्षे. साठेखतात खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्याने नकार दिल्याचे तुम्हाला कळल्यापासून.

• आपल्यावर बंधनकारक असलेला दस्तऐवज रद्द करून मागणे : तो रद्द करून मागण्याचे कारण ज्या गोष्टींमुळे घडले, त्या कळल्यापासून ३ वर्षे.

• अज्ञान मुलाची जमीन पालकाने विकली असेल तर ती विक्री रद्द करून मागणे : मूल सज्ञान झाल्यापासून ३ वर्षे.

• मालकी हक्कावरून जमिनीचा ताबा मागणे : समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून १२ वर्षे. येथे विशेष सावध राहा. ही मुदत गेली तर नुसता दावा जात नाही, कलम २७ प्रमाणे जमिनीवरचा हक्कच संपतो.

• मिळालेल्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी, म्हणजे दरखास्त : १२ वर्षे.

• दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील : ३० दिवस. उच्च न्यायालयात : ९० दिवस.

• एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज : ३० दिवस. समन्स रीतसर मिळालेच नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवस.

• दावा चालू असताना पक्षकार वारला तर वारसांची नावे लावणे : ९० दिवस.

• महसुली अपील, म्हणजे फेरफार, तहसीलदाराचा हुकूम इत्यादी : जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा हुकूम असेल तर ६० दिवस, एरवी ९० दिवस. हे दिवस हुकूम तुम्हाला मिळाल्यापासून मोजतात.

• वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा पाट अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा : अडथळा झाल्यापासून ६ महिने.

• सदोष बियाण्याबद्दल ग्राहक आयोगात तक्रार : २ वर्षे.

शेवटच्या मुद्द्यावर माझ्या खात्यापुरते दोन शब्द. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण तक्रार पीक रानात उभे असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या, म्हणजे तक्रार निवारण समितीला पाहणी करता येते. बिल, पिशवी आणि पिशवीवरची चिठ्ठी जपून ठेवा. मात्र समितीच्या अहवालाची आणि कंपनीच्या उत्तराची वाट पाहत दोन वर्षे घालवू नका.

दिवस मोजायचे कसे?

पुष्कळदा मुदत गेली असे वाटते, पण ती गेलेली नसते. उलटही होते. म्हणून हिशेब समजून घ्या.

समजा, दिवाणी न्यायालयाचा निकाल ५ जूनला लागला. निकालाचा दिवस धरायचा नाही, मोजणी ६ जूनपासून करायची. तीस दिवस धरले तर ५ जुलैला मुदत संपते. पण अपिलाला निकालाची नक्कल लागते, आणि ती तयार होण्यास लागलेला वेळ कलम १२ प्रमाणे वगळला जातो. तुम्ही १५ जूनला नकलेचा अर्ज दिला आणि ९ जुलैला नक्कल तयार झाली, तर हे २५ दिवस वजा होतात. म्हणजे अपिलाची शेवटची तारीख ३० जुलै होते.

यात दोन खुबी आहेत. एक, नकलेचा अर्ज मुदतीच्या आत गेला पाहिजे. मुदत संपल्यावर अर्ज दिला तर या सवलतीचा उपयोग नाही. दुसरी, नक्कल तयार होऊन कचेरीत पडून राहिली आणि तुम्ही ती पंधरा दिवसांनी आणली, तर ते पंधरा दिवस तुमच्या नावावर पडतात. तेव्हा निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी, हे उत्तम.

आणखी काही सवलती आहेत. मुदतीचा शेवटचा दिवस रविवार किंवा सुटीचा आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी काम करता येते. चांगल्या विश्वासाने आणि काळजीपूर्वक, पण अधिकार नसलेल्या न्यायालयात प्रकरण चालवले असेल, तर तो काळ कलम १४ प्रमाणे वजा होतो. हक्क उत्पन्न झाला त्या वेळी मूल अज्ञान असेल, तर सज्ञान झाल्यावर त्याला वेळ मिळतो, पण तो जास्तीत जास्त तीन वर्षे. फसवणूक करून खरी गोष्ट दडवली असेल, तर ती उघडकीस आल्यापासून किंवा वाजवी काळजी घेतली असती तर ज्या दिवशी उघडकीस आली असती, तेव्हापासून मोजणी होते. कर्जदाराने मुदत संपण्याच्या आत सही करून देणे कबूल केले, तर तेव्हापासून नवी मुदत सुरू होते. म्हणून उसनवारीत नुसत्या तोंडी "देतो, देतो" वर विसंबू नका. कागदावर सही घ्या.

माफी कुठे मिळते आणि कुठे नाही?

आता मुख्य प्रश्न. मुदत टळलीच तर न्यायालय ती वाढवून देते का?

मुदतीच्या कायद्याचे कलम ५ यासाठी आहे. मुदतीत न येण्यास पुरेसे कारण होते, अशी न्यायालयाची खात्री पटली तर उशीर माफ करता येतो. यालाच विलंब माफी म्हणतात. परंतु हे कलम अपिलाला आणि अर्जाला लागू आहे, मूळ दाव्याला नाही. हुकूमनाम्याच्या दरखास्तीलाही ते लागू नाही. म्हणजे उसनवारीचा दावा तीन वर्षे आणि एका दिवसाने नेलात, तर कारण कितीही खरे असले तरी कलम ५ तुम्हाला वाचवू शकत नाही. हा फरक अनेक शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसतो.

महसुली अपिलांत जमीन महसूल संहितेच्या कलम २५१ प्रमाणे, आणि ग्राहक आयोगात ग्राहक कायद्याप्रमाणे, पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो.

काही कायद्यांनी मात्र माफीलाही कुंपण घातले आहे. राष्ट्रीय महामार्गात जमीन गेलेल्यांनी हे नीट वाचावे. तेथे मोबदला मान्य नसेल तर प्रकरण लवादाकडे जाते. लवादाचा निवाडा मान्य नसेल तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली न्यायालयात जाण्यास तीन महिने आहेत. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ३० दिवस मिळतात. त्यापुढे एक दिवसही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगून ठेवले आहे, की येथे कलम ५ चा आधार घेता येणार नाही. जिल्ह्याच्या गावी जाऊन येऊ, दिवाळीनंतर बघू, असे म्हणता म्हणता हे चार महिने कसे सरतात ते कळतही नाही.

पुरेसे कारण म्हणजे काय?

कायद्याने याची व्याख्या केलेली नाही, आणि ते बरेच झाले. प्रत्येक घरची अडचण वेगळी असते. ते ठरवण्याचे काम न्यायालयावर सोडले आहे.

या बाबतीत १९८७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वकीलमंडळी नेहमी पुढे ठेवतात. तो अनंतनागच्या भूसंपादन जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रकरणातील आहे, आणि गंमत अशी, की तेथे उशीर झाला होता सरकारला, तोही चार दिवसांचा. उच्च न्यायालयाने अपील मुदतबाह्य म्हणून काढून टाकले होते. सर्वोच्च न्यायालयाने चार दिवस माफ केले. उशीर करून कुणाचा सहसा फायदा होत नाही, दिवसादिवसाचा हिशेब मागताना व्यवहाराचे भान ठेवावे, आणि तांत्रिक बाब व खरा न्याय यांत निवड करायची वेळ आली तर न्यायाकडे झुकावे, असे त्या निकालाचे सार आहे.

१९८१ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने खेड्यातील पक्षकाराची बाजू समजून घेतली. वकील हजर राहिला नाही म्हणून अपील निघाले होते. वकील नेमून, त्याची फी देऊन घरी आलेल्या खेडुताने दर तारखेला उच्च न्यायालयात जाऊन वकील आला की नाही हे पाहावे, अशी अपेक्षा धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९९८ मध्ये तर ८८३ दिवसांचा उशीरही माफ झाला. तेथेही वकिलाकडून वेळेवर कळले नव्हते. उशीर किती, यापेक्षा त्याचे कारण पटण्यासारखे आहे का ते महत्त्वाचे, हे त्या वेळी सांगितले गेले.

हे वाचून कुणी निर्धास्त होईल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०१३ मध्ये कर्नाटकातील भूसंपादनाच्या एका प्रकरणात साडेपाच वर्षांचा उशीर सर्वोच्च न्यायालयाने माफ केला नाही. आंध्र प्रदेशात तेलुगू गंगा प्रकल्पासाठी १९८९ मध्ये जमिनी घेतल्या गेल्या. त्यांपैकी एका खातेदाराच्या वारसांनी वाढीव मोबदल्यासाठी अपील करू पाहिले, ते ५,६५९ दिवसांच्या उशिराने. म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. दुसऱ्यांना अशाच प्रकरणात सवलत मिळाली, एवढ्याच कारणावरून तुम्हालाही मिळेल असे नाही. तुमचे स्वतःचे कारण पटले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. बांधापलीकडच्या शेतकऱ्याला वाढीव पैसे मिळाले म्हणून आपलेही होतील, ही समजूत किती महाग पडते ते यावरून दिसेल.

सरकारलाही हाच दंडक आहे. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, एवढे कारण पुरणार नाही, हे २०१२ मध्ये टपाल खात्याला ऐकावे लागले. २०२५ मध्ये कर्नाटक गृहनिर्माण मंडळाचा ३,९६६ दिवसांचा उशीर उच्च न्यायालयाने माफ केला होता, तो हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तेव्हा सरकारी खाते तुमच्याविरुद्ध वर्षानुवर्षे उशिराने अपिलात आले, तर घाबरून जाऊ नका. विलंब माफीच्या अर्जाला लेखी हरकत घेण्याचा तुम्हालाही हक्क आहे.

वाढीव मोबदल्याच्या मुदती

तलाव, कालवा, रस्ता यांत जमीन गेली आणि मोबदला कमी वाटला, तर पैसे घेताना "हरकत राखून" असे लिहून घ्यावे आणि वाढीव मोबदल्याचा अर्ज द्यावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत सहा आठवड्यांची. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. पुरेसे कारण असेल तर जिल्हाधिकारी त्यापुढे आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात. १८९४ च्या जुन्या कायद्यात ही एक वर्षाची सोय नव्हती.

एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची आहे. निवाडा कचेरीत सही होऊन पडला आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही, तर मुदत कशी चालेल? १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवाडा पक्षकाराला कळला किंवा कळायला हवा होता, तेव्हापासून ती धरावी.

ज्यांनी मुळात अर्जच केला नव्हता, त्यांना कलम ७३ चा आधार आहे. त्याच अधिसूचनेतील शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढीव मोबदला दिला, तर त्या निवाड्यापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणून ज्यांच्या जमिनी एकाच प्रकल्पात गेल्या त्यांनी एकमेकांशी बोलत राहावे. प्राधिकरणाच्या निवाड्यावर उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस, आणि कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस आहेत.

उशीर माफ झाला तरी फुकट होत नाही, हेही ध्यानात घ्या. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांचा उशीर माफ केला, पण उशिराच्या काळाचे व्याज देण्याचे नाकारले. काही वेळा खर्चाची रक्कम समोरच्याला द्यावी लागते. म्हणजे उशिरा पेरलेल्या पिकासारखेच, उतारा घटतोच.

अर्ज कसा असावा?

परवा एका गावी दोघे भाऊ असाच कागद घेऊन आले. फेरफाराचा हुकूम विरुद्ध गेला होता. विहिरीतला हिस्सा उताऱ्यावरून उडाला होता. कागद मिळून ९७ दिवस झालेले. धाकटा म्हणाला, "साहेब, आजच मिळाला असं लिहून देऊ, कोण बघतंय?" थोरला गप्प होता. मी विचारले, मधल्या काळात घरी काय चालले होते? तेव्हा कळले, की आईचे ऑपरेशन झाले होते, आणि थोरला दीड महिना दवाखान्यात तिच्या उशाशी होता. खरे कारण घरात, कागदपत्रांसह, आणि हे खोटे कारण शोधत होते! पोचपावतीवर मिळाल्याची तारीख आणि सही असते, हे धाकट्याच्या ध्यानातच नव्हते. खोटे उघडे पडले असते, तर खऱ्या कारणावरही कुणी विश्वास ठेवला नसता. त्यांना मी तालुक्याच्या वकिलाकडे पाठवले. दवाखान्याच्या कागदांसह अर्ज गेला आणि प्रांतसाहेबांनी उशीर माफ केला. आता विहिरीचा निकाल काय लागेल तो लागो, निदान त्यांचे म्हणणे तरी ऐकले जाईल.

तेव्हा विलंब माफीच्या अर्जात या गोष्टी असाव्यात :

१. निकालाची किंवा हुकुमाची तारीख, तो कळल्याची तारीख आणि नकलेच्या तारखा.

२. एकूण उशीर किती दिवसांचा, तो आकडा.

३. त्या दिवसांत काय काय घडले, ते तारीखवार. "घरगुती अडचणीमुळे" एवढेच लिहून भागत नाही.

४. प्रत्येक कारणाला कागद : दवाखान्याचे केसपेपर, मृत्यूचा दाखला, पूर आला असल्यास पंचनामा.

५. सोबत प्रतिज्ञापत्र. दिवाणी अपिलात हा अर्ज अपिलाबरोबरच द्यावा लागतो. आणि अपील ऐकायचे असे ठरेपर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही. एक दिवसाच्या उशिराने ताबा कसा जातो, त्याचे हे कारण.

"कायदा माहीत नव्हता" हे कारण सहसा चालत नाही. कारण कळल्यानंतरही तुम्ही स्वस्थ बसलात, तर आधीचे खरे कारणही फिके पडते. म्हणून जाग आली त्या दिवसापासून हात हलवा.

चालू दाव्यातील मुदती

समन्स आले तर ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. न्यायालय कारण नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यापुढे क्वचितच, आणि तेही असाधारण कारण असेल तरच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. ग्राहक आयोगात मात्र विरुद्ध पक्षाला ३० आणि वर १५, अशा ४५ दिवसांपलीकडे उत्तर देता येत नाही. २०२० मध्ये घटनापीठाने यावर शिक्कामोर्तब केले. कंपनी तुमच्या तक्रारीवर वेळ काढत असेल तर हे तुमच्या वकिलाच्या ध्यानात आणून द्या.

समन्स घेतलेच नाही म्हणजे दावा थांबतो, ही जुनी समजूत टाकून द्या. बेलीफाला पाहून मागच्या दाराने रानात गेलेल्या माणसाविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि मग धावाधाव सुरू होते.

तारखा मागून वेळ काढण्यालाही मर्यादा आहे. एका पक्षाला दाव्याच्या सुनावणीत तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असा दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम आहे.

महासाथीत काय झाले?

मुदत सगळ्या देशासाठी एकदम वाढवल्याचे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. कोविडच्या टाळेबंदीत कुणी घराबाहेर पडू शकत नव्हते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली. शेवटी १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला. ज्यांची मुदत या काळात संपली असती, त्यांना १ मार्च २०२२ पासून किमान ९० दिवस मिळाले. जुन्या प्रकरणाचा हिशेब करताना हा काळ वजा करायला विसरू नका. पण अशी वेळ रोज येत नाही.

घरी काय करावे?

शेवटी काही साध्या सवयी सांगतो. त्यांना पैसा लागत नाही.

सरकारी किंवा कोर्टाचा कागद आला, की पाकिटावर मिळाल्याची तारीख त्याच दिवशी पेनाने लिहा आणि पाकीट फेकू नका. मुदतीची शेवटची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडा, आणि तिच्या पंधरा दिवस आधी एक खूण करा. सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि ती पेटी कुठे आहे हे घरातील बाईमाणसालाही ठाऊक असू द्या. कर्ता पुरुष अचानक गेला, तर चालू दावा कुठे आहे, वकील कोण, हे घरात कुणालाच माहीत नसते. वारस लावण्याचे नव्वद दिवस तर दुःखातच निघून जातात. या मुदतीनंतर दावा त्या पक्षापुरता आपोआप संपतो. तो पुन्हा उभा करून मागण्याला त्यापुढे आणखी ६० दिवस असतात. म्हणून दावा चालू असेल तर वकिलाचे नाव, पत्ता आणि दाव्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, आणि मुलांना व सुनांना तो दाखवून ठेवा.

वकिलाला महिन्यातून एकदा फोन करा किंवा भेटा. फी देण्याची ऐपत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना तेथे मोफत वकील मिळतो.

एवढे करूनही मुदत चुकली, तर लाजून किंवा घाबरून कागद पुन्हा ट्रंकेत टाकू नका. दहा दिवसांचा उशीर समजावून सांगता येतो. तोच दहा वर्षांचा झाला, तर सांगणाऱ्यालाही शब्द सापडत नाहीत. आज सायंकाळी घरातील कागद एकदा काढून पाहा. एखाद्यावरची तारीख खटकली, तर उद्याच्या पहिल्या एस.टी.ने तालुका गाठा.